फायरवॉल आहे ना, मग काळजी कशाला?

शीर्षकातलं वाक्य माझंच आहे. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी ते आमच्या लॅबच्या सरांना छातीठोकपणे ऐकवलं, आणि दोन तासांत ते मला गिळावंही लागलं. त्या दोन तासांत जे शिकलो ते कुठल्याही युनिट टेस्टला विचारत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तिसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. डिपार्टमेंटचा प्रोजेक्ट सर्व्हर सांभाळायला सरांना दोन पोरं हवी होती, त्यातला एक मी. १ जुलैला ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरमधली एक मोठी त्रुटी जाहीर झाली. ओपनएसएसएच म्हणजे आपण खोलीत बसून लॅबमधल्या लिनक्स मशीनवर ज्याच्यामार्फत लॉगिन करतो ते. त्रुटीचा नंबर सीव्हीई-२०२४-६३८७. पासवर्ड माहीत नसताना बाहेरच्या माणसाला थेट रूट होता येईल, अशी ही भानगड. सर म्हणाले, "आपल्या सर्व्हरला हे लागू आहे का, बघून मला लेखी दे."

मी दहा मिनिटांत परत आलो. "सर, बाहेरून २२ नंबरचा पोर्ट बंद आहे. फायरवॉल आहे. आपल्याला लागू नाही."

सरांनी चष्मा वर केला. "बाहेरून म्हणजे नक्की कुठून रे?"

मी म्हटलं, "म्हणजे... इंटरनेटवरून."

"मग तुझं हॉस्टेल आत का बाहेर?"

मी गप्प. हॉस्टेलवर आलो, लॅपटॉप उघडला आणि एसएसएचची कमांड मारली. सर्व्हरने नेहमीसारखा शांतपणे पासवर्ड विचारला. रोज प्रोजेक्टसाठी मी असाच लॉगिन करायचो, आणि तरी सकाळी "बंद आहे" असं सांगून आलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आयर्विनला पाणी किती?

सांगलीत राहिलेल्या माणसाला हा विषय समजायला अवघड जाऊ नये. पावसाळ्यात इथे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : आयर्विनला पाणी किती? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण आकडा ऐकून प्रत्येक माणूस मनात दुसराच हिशेब करतो : माझ्या गल्लीत पाणी कितीव्या फुटाला शिरतं? सूर्यवंशी प्लॉटातल्या किंवा दत्तनगरातल्या माणसाचं उत्तर वेगळं, विश्रामबागेतल्याचं वेगळं. आणि पाणी समोरून नदीकडूनच येईल असंही नाही. पुष्कळदा ते मागच्या नाल्यातून आणि गटारातून उलटं येतं. समोर वाळूची पोती रचून बसलेला माणूस मागे वळून बघतो तर मोरीतून पाणी.

त्रुटीला जे गुण देतात, म्हणजे दहापैकी किती गंभीर तो आकडा, तो आयर्विनच्या पातळीसारखा आहे. आमच्या त्रुटीला ८.१ मिळाले होते. हा आकडा त्रुटीचा असतो, तुमच्या सर्व्हरचा नसतो. फायरवॉल म्हणजे समोर रचलेली पोती. ती हवीतच. पण "पोती आहेत म्हणजे पाणी येणार नाही" हे उत्तर नव्हे. उत्तर काढायचं तर घराभोवती एक फेरी मारावी लागते. ती फेरी मी सहा प्रश्नांत मांडतो.

पहिला प्रश्न : तो भाग आपल्याकडे आहे का?

इथे फायरवॉलचा संबंधच नाही. सदोष सॉफ्टवेअर, सदोष आवृत्तीत, आपल्या मशीनवर आहे की नाही एवढंच बघायचं.

या त्रुटीची हकीकत गमतीची आहे. हीच चूक २००६ साली सापडून दुरुस्त झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कोडमध्ये एक बदल करताना संरक्षणाची ती ओळ निघून गेली आणि चूक परत उगवली. म्हणून सदोष आवृत्त्या ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंतच्या. ४.४पी१ च्या आधीच्या फार जुन्याही सदोष, पण मधल्या सगळ्या चांगल्या! ९.८पी१ मध्ये दुरुस्ती आली. नवं ते चांगलं आणि जुनं ते धोक्याचं, हा आपला समज इथे पार उलटा पडतो.

आमच्याकडे दोन मशीन होती. प्रोजेक्ट सर्व्हरवर उबुंटू २२.०४, त्यात ओपनएसएसएच ८.९पी१. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर सेंटओएस ७, त्यात ७.४पी१. म्हणजे पहिलं यादीत, दुसरं यादीबाहेर.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी पडलो.

एक, मी आवृत्ती बघितली ती चुकीच्या जागी. "एसएसएच" कमांडला आवृत्ती विचारली की ती क्लायंटची सांगते, आणि तीही ज्या मशीनवर बसलोय तिथल्या. आपल्याला हवी सर्व्हरवर बसवलेल्या पॅकेजची. ती पॅकेज मॅनेजरलाच विचारायची.

दोन, उबुंटू, डेबियन, रेड हॅट ही मंडळी जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती बसवून देतात. आवृत्तीचा मुख्य आकडा तसाच राहतो, फक्त शेवटची शेपटी बदलते. उबुंटू २२.०४ साठी दुरुस्त पॅकेज "८.९पी१-३उबुंटू०.१०" असं होतं. बाहेरून स्कॅन करणाऱ्याला "८.९पी१" दिसतं आणि तो बोंब मारतो, पण पॅच आधीच बसलेला असू शकतो. उलटही होतं : पॅच टाकला, पण सेवा रीस्टार्ट केली नाही, तर जुनाच कोड मेमरीत चालू राहतो. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड आली तेव्हा हा धडा पुष्कळांना मिळाला. ओपनएसएसएल लायब्ररी बदलली, पण ती वापरणारा वेब सर्व्हर रीस्टार्ट केलाच नाही.

आमच्या सर्व्हरची शेपटी ०.७ होती. म्हणजे सदोष.

दुसरा प्रश्न : असेल तर चालू आहे का, आणि कसा?

सॉफ्टवेअर डिस्कवर असणं वेगळं आणि त्यातला सदोष रस्ता चालू असणं वेगळं. त्यासाठी त्रुटी नेमकी काय आहे हे थोडं तरी वाचावं लागतं. नुसता मथळा वाचून भागत नाही.

सर्व्हर आलेल्या पाहुण्याला म्हणतो, "१२० सेकंदांत लॉगिन कर, नाहीतर दार लावतो." वेळ संपली की प्रोसेसला सिग्नल जातो. त्या सिग्नलच्या हँडलरमध्ये अशी फंक्शन्स बोलावली जात होती, जी अर्ध्यात थांबवून पुन्हा बोलावणं सुरक्षित नसतं. मेसच्या भाषेत सांगायचं तर आचारी पीठ मोजत असताना मध्येच घंटा वाजली, आणि घंटेचं काम काय, तर पुन्हा त्याच डब्यातून पीठ मोजणं. हिशेब बिघडणारच. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला आपण "रेस कंडिशन" म्हणून पाच मार्कांना लिहितो ती हीच.

शोधणाऱ्या क्वालिसच्या संशोधकांनी ३२-बिट लिनक्सवर हे करून दाखवलं. सरासरी १०,००० प्रयत्न लागतात. एका वेळी १०० कनेक्शन्स, प्रत्येकाला १२० सेकंद, म्हणजे १०० फेऱ्या आणि १२,००० सेकंद, तीन तास वीस मिनिटं. त्यात मेमरीतला पत्ता निम्म्या वेळा चुकतो, म्हणून एकूण सहा ते आठ तास. ६४-बिटवर जाहीर करतेवेळी कुणी करून दाखवलं नव्हतं, पण अशक्य आहे असंही ते म्हणाले नव्हते. आणि हे सगळं ग्लिबसी वापरणाऱ्या लिनक्सपुरतं.

आमचा सर्व्हर ६४-बिट, ग्लिबसीवाला, वेळेची मर्यादा नेहमीचीच १२० सेकंद. म्हणजे सदोष रस्ता चालू, पण चालायला कठीण. लक्षात घ्या, पासवर्ड किती लांब किंवा लॉगिन फक्त किल्लीने होतं का, याने इथे काही फरक पडत नाही, कारण हल्ला लॉगिनच्या आधीच होतो. मी सरांना सांगायला निघालो होतो, "पासवर्ड सोळा अक्षरी आहे." बरं झालं नाही सांगितलं.

तिसरा प्रश्न : तिथपर्यंत कोण कोण पोचतं?

आता कुठे फायरवॉलची पाळी येते. मोठ्यात मोठी चूक इथेच होते, कारण आपल्या डोक्यात फायरवॉलला दोनच बाजू असतात : आत आणि बाहेर. प्रत्यक्षात कॉलेजच्या नेटवर्कमध्ये हॉस्टेल, लॅब, ऑफिस, लायब्ररी, पाहुण्यांचं वायफाय आणि घरून व्हीपीएनने येणारे असे सहा-सात गाव असतात. प्रत्येक गावातून सर्व्हरपर्यंत वाट आहे का, हे वेगवेगळं तपासायला हवं.

पद्धत साधी आहे. आधी सर्व्हरवर बसून कोणते पोर्ट कोणत्या पत्त्यावर ऐकतायत ते बघायचं. मग प्रत्येक गावात जाऊन एनमॅपने सर्व्हर तपासायचा. "बाहेरून" तपासताना कॉलेजचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून तपासायचं, नाहीतर बाहेरून म्हणून आतूनच तपासलं जातं. आणि शेवटी फायरवॉलच्या नियमांची यादी वरपासून खालपर्यंत वाचायची. पण एक गोष्ट आधी : लेखी परवानगी. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि नुसतं स्कॅन करणाऱ्यालाही नंतर आपला हेतू पटवून देत बसावं लागतं. "मी फक्त बघत होतो" हे उत्तर रेक्टरलाही पटत नाही.

तपासणीत काय निघालं? हॉस्टेलमधून २२ उघडा, हे कळलंच होतं. पण खरा धक्का नियमांची यादी वाचताना बसला. तळाशी एक नियम होता : बाहेरच्या २२२२ पोर्टवर आलेलं सगळं आत सर्व्हरच्या २२ वर पाठवा. शेरा : "तात्पुरते". २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेल्या बॅचला प्रोजेक्ट करता यावा म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने केलेला तो नियम चार वर्षं तसाच राहिला होता. मी सकाळी "बाहेरून २२ बंद" म्हणालो ते शब्दशः खरं होतं. २२ बंदच होता.

लॉग उघडले. बाहेरून पासवर्ड चाचपणाऱ्यांची रांगच होती. इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या कुठल्याही एसएसएचवर ती असते. या त्रुटीची खूण म्हणजे लॉगिनआधीच वेळ संपल्याच्या हजारो नोंदी. तशा नव्हत्या. पण लॉग फक्त चार आठवड्यांचे होते. त्याआधीच्या चार वर्षांत त्या दारातून कुणी आलं होतं का, याचं उत्तर "नाही" असं आम्हाला देता आलं नाही. "सापडलं नाही" एवढंच देता आलं. सर्ट-इनने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. ते कशासाठी, हे त्या संध्याकाळी कळलं.

जेएनपीटीची गोष्ट

"आतून कोण हल्ला करणार? सगळी आपलीच पोरं!" असं एक मित्र म्हणाला. त्याला मी न्हावा शेवा बंदराची गोष्ट सांगितली.

तासगावची द्राक्षं परदेशी जातात ती बहुतेक याच बंदरातून. तिथलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, डेन्मार्कच्या मेर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते. जून २०१७ च्या शेवटी या टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनरचं काम हाताने, कागदावर करायची वेळ आली.

रायगड जिल्ह्यातल्या त्या टर्मिनलवर कुणी नेम धरला नव्हता. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये एमईडॉक नावाच्या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नोटपेट्या हा किडा सुटला. तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या कार्यालयांत तो अपडेट म्हणून, म्हणजे पाहुणा बनून शिरला, आणि मग कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कवरून जगभर पसरला. त्याने वापरलेल्या विंडोजच्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. मे महिन्यात वॉनाक्रायने त्याच त्रुटीवर जगभर धुमाकूळही घातला होता. त्यानंतरही कितीतरी जागी "४४५ पोर्ट बाहेरून बंद आहे" या भरवशावर आतली मशीन तशीच राहिली. शिवाय नोटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड चोरून त्यांच्या जोरावर पॅच केलेल्या मशीनवरही जायचा. म्हणजे शेजारचं एक मशीन पडलं की आपलंही धोक्यात.

मेर्स्कला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात. त्यांच्या नेटवर्कची सगळी नोंदवही ज्या डोमेन कंट्रोलर्सवर होती, त्यातला एकच वाचला, तो आफ्रिकेतल्या घानामध्ये. कारण काय, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगने कुणाचं भलं झाल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

तेव्हा हॉस्टेलमधली पोरं आपलीच आहेत हे खरं. पण त्यांच्या लॅपटॉपवरचे क्रॅक केलेले गेम आपले नाहीत. "आत" म्हणजे विश्वासाचं, असं धरून चालायचं नाही.

चौथा प्रश्न : सर्व्हर स्वतः बाहेर जातो का?

आपण नेहमी आत येणाऱ्याला अडवतो. पण काही त्रुटींत सर्व्हरच उठून चोराच्या घरी जातो. डिसेंबर २०२१ ची लॉगफोरशेल आठवा. गंभीरता दहापैकी दहा. जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत सदोष आवृत्ती असली, आणि कुणी वेब फॉर्मच्या नावाच्या रकान्यात विशिष्ट मजकूर टाकला, की तो मजकूर लॉगमध्ये लिहिताना सर्व्हर त्यात दिलेल्या पत्त्यावर स्वतः संपर्क करायचा आणि तिथून आलेला कोड चालवायचा. फायरवॉलने काय अडवायचं? येणारी विनंती ४४३ पोर्टवरची, अगदी कायदेशीर. आणि वेब सर्व्हरने तोच मजकूर आतल्या लॉग सर्व्हरकडे पाठवला, तर ज्या मशीनचा इंटरनेटशी थेट काही संबंध नाही तेही बाधित.

म्हणून विचारायचं : सर्व्हरला बाहेर कुठे कुठे जायची मुभा आहे? आमच्या सर्व्हरला सगळीकडे होती. खरी गरज होती फक्त अपडेटच्या मिरर सर्व्हरची, वेळ जुळवण्याची आणि डीएनएसची. बाकी सगळं आता बंद आहे.

पाचवा प्रश्न : राखणदाराचं काय?

हा प्रश्न मला सांगलीत सुचला नाही. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो तेव्हा सुचला. काका एका पतसंस्थेत कामाला आहेत. मी फराळ करता करता ही सगळी कथा त्यांना ऐकवली. ते म्हणाले, "आमच्याकडं तर भारीतली फायरवॉल हाय. सपोर्टवाला पुण्यातनंच सगळं बघतो, इथं यायची गरजच पडत नाही."

माझा लाडू तोंडातच राहिला. "काका, तो पुण्यातून कुठून बघतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या व्यवस्थापकांची लेखी संमती घेतली आणि घरी बसून मोबाईल डेटावर पत्ता टाकला. फायरवॉलचं मॅनेजमेंटचं पान समोर हजर. जगात कुणालाही उघडेल असं.

आपण विसरतो की फायरवॉल हाही एक संगणकच आहे. त्यावरही सॉफ्टवेअर चालतं आणि त्यातही त्रुटी निघतात. १२ एप्रिल २०२४ ला पालो अल्टो कंपनीच्या फायरवॉलमधल्या ग्लोबलप्रोटेक्ट या भागातली त्रुटी जाहीर झाली. गुण दहापैकी दहा, आणि जाहीर होण्याआधीच तिचा गैरवापर सुरू झाला होता. ज्याच्या भरवशावर आपण आतल्या सर्व्हरला "लागू नाही" म्हणतो, तोच पडला तर वरच्या सगळ्या उत्तरांवर पाणी.

काकांना हे समजावलं तर ते म्हणाले, "म्हणजे वॉचमनच्याच खोलीला कुलूप नाही म्हण की." त्यांना एका वाक्यात कळलं, मला तीन महिने लागले होते. ते पान आता फक्त व्हीपीएनमधून उघडतं. हजारो सभासदांच्या ठेवींचा हिशेब त्या यंत्रामागे आहे, म्हणून त्या संस्थेचं नाव मी इथे देत नाही.

सहावा प्रश्न : घुसलंच कुणी, तर हाती काय लागेल?

आम्ही प्रोजेक्ट सर्व्हरला "साधाच सर्व्हर" म्हणायचो. यादी केली तेव्हा डोळे उघडले : टर्मवर्कचे गुण, लॅबची हजेरी, मागच्या चार बॅचचे रिपोर्ट, आणि प्लेसमेंटसाठी भरलेले फॉर्म, त्यात जन्मतारखा, फोन नंबर, घरचे पत्ते. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या निम्म्या लोकांची माहिती. शिवाय त्याच मशीनवर बॅकअपसाठी दुसऱ्या सर्व्हरची किल्ली साठवलेली होती. म्हणजे हे दार फुटलं की पुढचं आपोआप उघडणार.

पोच कमी असली पण आत ऐवज मोठा असला तर घाई करायची. पोच जास्त पण आत काहीच नसलं तरी सोडायचं नाही, कारण तिथून पुढे जाता येतं.

निकाल कसा लिहायचा

"लागू आहे" किंवा "लागू नाही" एवढंच लिहून चालत नाही. या कामासाठी व्हेक्स नावाची एक पद्धत जगभर वापरतात, तिच्यात चारच शेरे आहेत : बाधित नाही, बाधित आहे, दुरुस्त केले, तपास चालू. शेवटचा शेरा मला फार आवडला. "अजून माहीत नाही" हे प्रामाणिकपणे लिहायला त्यात जागा आहे.

आणखी एक. "फायरवॉल आहे" हे "बाधित नाही" असं लिहायचं कारण होऊ शकत नाही. सदोष कोड तिथे आहे आणि चालू आहे, तर मशीन बाधितच. फायरवॉलमुळे फक्त एवढं ठरतं की पॅच आज रात्री टाकायचा की रविवारी. तेवढी सवलत ती देते. तिच्यावर झोपायची नाही.

शेवटी सरांना दिलेला कागद असा होता :

"मशीन १, प्रोजेक्ट सर्व्हर : बाधित. पोच हॉस्टेल व लॅबमधून, तसेच जुन्या नियमामुळे इंटरनेटवरून. पॅच टाकला, सेवा रीस्टार्ट करून पॅकेज पुन्हा तपासले. २२२२ चा नियम काढला. हॉस्टेलमधून प्रवेश आता व्हीपीएनमार्फत. लॉग चार आठवड्यांचेच असल्याने त्याआधीचे सांगता येत नाही, म्हणून सर्व पासवर्ड व किल्ल्या बदलल्या. मशीन २, सेंटओएस ७ : या त्रुटीने बाधित नाही. परंतु सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, यापुढे त्याला पॅच येणार नाहीत. मशीन काढून टाकावे. फेरतपासणी : फायरवॉलचा कोणताही नियम बदलल्यास, अन्यथा तीन महिन्यांनी."

मशीन २ ची गंमत बघा. त्रुटी जाहीर झाली १ जुलैला, आणि त्याच्या आदल्याच दिवशी त्या मशीनचा वाली गेला होता. "या त्रुटीने बाधित नाही" म्हणजे "सुरक्षित" नव्हे, हे यापेक्षा चांगलं कुठलं पुस्तक शिकवेल?

पॅच टाकायला किती वेळ लागला? चार मिनिटं. मी "लागू नाही" हे सिद्ध करायच्या नादात जेवढा वेळ घालवला, त्यात तीस वेळा पॅच टाकून झाला असता. मग ही सगळी फेरी वाया गेली का? मुळीच नाही. पॅचने एक त्रुटी बुजली. २२२२ चा नियम, उघडी बॅकअपची किल्ली, चार आठवड्यांचे लॉग आणि वाली नसलेलं मशीन, ही चार भोकं फेरी मारल्यामुळेच दिसली.

सरांनी कागद दोनदा वाचला, खाली सही केली आणि म्हणाले, "आता हे लिहिलंस ते खरं आहे. सकाळचं नुसतं बरोबर होतं."

आता मी शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या जूनमध्ये हा सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती जाईल. ज्याच्या हाती जाईल त्याने निदान एवढं करावं : नवी त्रुटी जाहीर झाली की आधी हे सहा प्रश्न कागदावर उतरवावेत, आणि फायरवॉलच्या यादीत "तात्पुरते" असा शेरा दिसला की त्यापुढे तारीख आणि नाव विचारावं. अडलं तर हॉस्टेलवर या, खोली उघडीच असते. चहा मात्र तुमच्याकडून.